विक्रम आमचे, करंडक त्यांचा

मंडळी, काही घराण्यांत सगळ्यांना बक्षिसं मिळतात पण घराचं कर्ज काही फिटत नाही. महाराष्ट्राच्या रणजी संघाचं तसं आहे. मी या संघाचा पाठीराखा आहे, गेली वीसेक वर्षं. ऑफिसात कुणी विचारलं की मी सहसा आयपीएलमधलं एखादं नाव सांगून वेळ मारून नेतो, कारण खरं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हा संघ शेवटचा कधी जिंकला?"

1940-41 साली. त्याच्या आदल्या वर्षीही जिंकला होता. त्यानंतर नाही.

आता विक्रम ऐका. डिसेंबर 1948, पुणे. भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध 443 धावांवर नाबाद. ब्रॅडमनच्या 452 च्या जागतिक विक्रमाला नऊ धावा कमी. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झालेल्या. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. आणि ते खरंच निघाले. सामना सोडून दिला. निंबाळकरांना पुढे भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

ऑक्टोबर 2016, वानखेडे. स्वप्निल गुगळे नाबाद 351, अंकित बावणे नाबाद 258, दोघांची अभेद्य भागीदारी 594. समोर दिल्ली. मग ऋषभ पंतनं 308 केल्या आणि सामना अनिर्णित. नोव्हेंबर 2022, विजय हजारे स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. ऋतुराज गायकवाडनं उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले, नो-बॉलसह 43 धावांचं षटक. सगळ्या जगानं तो व्हिडिओ पाहिला. त्याच आठवड्यात अंतिम सामन्यात ऋतुराजचं शतक झालं आणि सौराष्ट्रानं पाच गडी राखून करंडक नेला. व्हिडिओ अजून फिरतो. अंतिम सामन्याचं कुणी काढत नाही.

हा संघ मुळात एका कॉलेजच्या मास्तरांनी घडवलेला, हे आपल्या पोरांना सांगायला हवं. दि. ब. देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक. 1926 साली गिलिगनच्या एमसीसीविरुद्ध त्यांनी 148 धावा केल्या तेव्हाच पस्तिशीच्या आसपास होते. आजच्या हिशेबानं निवृत्तीचं वय. पण रणजी करंडक जिंकला तो त्यांच्या कप्तानीत, आणि दुसऱ्या विजेतेपदाच्या मोसमात मुंबईविरुद्ध त्यांनी 246 धावा केल्या, वय 48. सकाळी कालिदास शिकवायचा आणि संध्याकाळी नेट्समध्ये पोरांच्या पायांची हालचाल सुधारायची, असं काहीसं चित्र माझ्या डोक्यात आहे. वेळापत्रक नेमकं काय होतं देव जाणे. त्या संघात विजय हजारे होते, रंगा सोहोनी होते. हजाऱ्यांनी 1939-40 मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद 316 केल्या. आणि मग काय झालं? ज्या बडोद्याला धुतलं, त्याच बडोद्याच्या महाराजांकडे हजारे गेले. 1946-47 च्या अंतिम सामन्यात गुल महंमदबरोबर त्यांनी 577 धावांची भागीदारी केली ती बडोद्यासाठी. निंबाळकरही पुढे होळकर संघाकडून खेळले.

म्हणजे आमचं दुखणं तेव्हापासूनचं. माणूस घडवायचा आम्ही, पगार द्यायचा दुसऱ्यानं. आम्हा आयटीवाल्यांना यात फार बोलता येत नाही. आपण काय वेगळं केलं?

बेल्लमपल्लीत राहून महाराष्ट्राचा पाठीराखा होण्यात एक भौगोलिक गंमतही आहे. आम्ही काजीपेठ-बल्लारशाह मार्गावरचे. (2016 मध्ये आम्ही मंचिर्याल जिल्ह्यात गेलो, पण घरात अजून 'आदिलाबाद जिल्हा'च म्हणतात.) दक्षिणेला गाडीत बसलं की हैदराबाद. उत्तरेला आसिफाबाद रोड, कागजनगर करत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बल्लारशाह, म्हणजे चंद्रपूर जिल्हा, म्हणजे विदर्भ. पुणे कुठल्या कुठे. नियमानं आम्ही हैदराबाद क्रिकेट संघटनेच्या हद्दीत. अंतरानं विदर्भ जवळ. आणि मनानं महाराष्ट्र, जो क्रिकेटच्या नकाशावर पुण्या-कोल्हापूर-नाशिक-मराठवाड्यापुरताच आहे, कारण मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा. हा संघ महाराष्ट्र राज्याच्याही आधीचा. राज्य झालं 1960 ला, संघाचे दोन्ही करंडक त्याच्या वीस वर्षं आधीचे.

माझा भाचा आठवीत आहे. त्यानं मागच्या दिवाळीत सरळ विचारलं, "मामा, तू विदर्भाला का नाही सपोर्ट करत? ते पण मराठी, आपल्या जवळ, आणि जिंकतात."

उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण पोरगं बरोबर बोलत होतं. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतोय आणि साठ वर्षं बाकीच्यांना गुण वाटण्याचंच काम त्यांच्याकडे होतं. 2017-18 मध्ये पहिलं विजेतेपद, पुढच्या वर्षी दुसरं, 2024-25 मध्ये नागपूरला केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर तिसरं. मधे 2023-24 ला अंतिम फेरीत मुंबईकडून हार. आठ वर्षांत चार अंतिम सामने. आमचे गेल्या पन्नास वर्षांत दोन.

यात जादू काही नाही. विदर्भ क्रिकेट संघटनेनं 2009 च्या सुमारास निवासी अकादमी सुरू केली आणि फळ मिळायला आठ-नऊ वर्षं लागली. मधल्या काळात कुणी ती बंद केली नाही, हे महत्त्वाचं. मग बाहेरून दोन जाणती माणसं आणली, वसीम जाफर आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. कप्तान फैज फझल घरचा. आणि रजनीश गुरबानी. हा माझा आवडता, कारण हा सिव्हिल इंजिनीयर. त्यानं त्या मोसमात ईडन गार्डन्सवरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकला पाच धावांनी घरी पाठवलं, दुसऱ्या डावात सात बळी, आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिक घेतली. बीई करून आम्ही ईएमआय भरला, त्यानं हे केलं.

पण बेल्लमपल्लीच्या माणसाला विदर्भाचं खरं नाव वाटतं ते उमेश यादव. त्याचे वडील नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीत कामगार होते. आमच्याकडे सिंगरेणी, त्यांच्याकडे वेस्टर्न कोलफिल्ड्स, कंपनी वेगळी पण शिफ्टचा भोंगा तोच. उमेश बरीच वर्षं टेनिस बॉलवरच खेळला. कॉलेजच्या संघात त्याला घेतलं नाही, कारण कुठल्या क्लबकडून खेळलेला नव्हता. पोलिसात भरती व्हायचा प्रयत्न केला, तेही जमलं नाही. मग नागपुरात क्लब मिळाला, 2008 ला रणजी, 2011 ला कसोटी. विदर्भाचा पहिला कसोटीपटू.

कॉलेजच्या संघाबाहेर राहिलेला पोरगा देशाकडून खेळतो, यावर टाळ्या वाजवणं सोपं आहे. मला त्यातली दुसरी बाजू टोचते. त्या कॉलेजात निवड करणाऱ्यानं चेंडू टाकायला लावून पाहिलं असतं तर? ज्या राज्यात एका प्राध्यापकानं रणजी विजेता संघ बांधला, त्याच राज्यात कॉलेजच्या संघात यायला आधी क्लबचं कार्ड लागतं. मी ज्या इंजिनीयरिंग कॉलेजात शिकलो तिथलं मैदान म्हणजे पार्किंग आणि फ्रेशर्स पार्टीचा मांडव. खेळाचा तास वेळापत्रकात असायचा, त्या तासाला लॅब असायची. आमच्या वर्गात एक डावखुरा फिरकी टाकणारा होता, त्याचा चेंडू कुणालाच कळायचा नाही. तो आता बंगळुरूत डेटाबेस सांभाळतो. चांगला सांभाळतो.

अमेरिकेत शिकायला गेलेली आपली मुलं सुट्टीवर आली की त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉलचं सांगत बसतात. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता एक लाखाच्या वर आहे, आणि ते एका कॉलेज संघाचं मैदान आहे. मला मात्र जास्त जवळची वाटते ती शिकागोशेजारच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची गोष्ट. 1979 ते 1982 त्यांचा फुटबॉल संघ ओळीनं 34 सामने हरला. शेवटी एकदाचे जिंकले तेव्हा विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उपटले आणि नेऊन मिशिगन सरोवरात टाकले. म्हणजे 34 सामने हरल्यावरही गोलपोस्ट उपटायला माणसं मैदानात होती! 1995 मध्ये हाच संघ त्यांच्या विभागाचा विजेता ठरला.

आमच्याकडे हरण्यापेक्षा वाईट काय असेल तर ते म्हणजे कुणी बघत नसणं. 2014 मध्ये महाराष्ट्र रणजीच्या अंतिम फेरीत पोचला, आणि सामना चक्क हैदराबादला, उप्पलच्या स्टेडियममध्ये. तो मोसम म्हणजे काय सांगू. केदार जाधवनं त्या वर्षी 1223 धावा केल्या. उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईला मुंबईत, वानखेडेवर, हरवलं: चौथ्या डावात 252 हव्या होत्या, केदार नाबाद 120, आणि जालन्याचा विजय झोल नाबाद 91. जालना म्हणजे जुन्या निजामी मुलखातला आपलाच माणूस, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो. मग इंदूरला बंगालला दहा गडी राखून लोळवलं. अंतिम फेरी 29 जानेवारीला सुरू झाली, समोर कर्नाटक. मी चौथ्या दिवशी, शनिवारी, गेलो. अवाढव्य स्टेडियम, आणि आत आम्ही इतके थोडे की सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक काय पुटपुटतो तेही ऐकू येत होतं. माझ्यापासून चार रांगा पुढे एक आजोबा धोतर-टोपीत, मांडीवर स्टीलचा डबा. प्रत्येक चौकाराला एकटेच उठून टाळ्या वाजवायचे आणि मागे वळून आमच्याकडे बघायचे, का गप्प बसलात म्हणून. रविवारी कर्नाटकनं सात गडी राखून जिंकलं. हैदराबादेत एवढी मराठी माणसं, गणपतीला हॉल पुरत नाही. त्या पाच दिवसांत ती कुठे होती? बहुतेकांना सामना आहे हेच माहीत नव्हतं.

त्यानंतर उतरण लागली. 2018-19 मध्ये आम्ही तळाला जाऊन खालच्या गटात घसरलो. आमच्या दुसऱ्या संघाचं, हैदराबादचं, तर विचारूच नका. 1937-38 आणि 1986-87 अशी दोन विजेतेपदं, लक्ष्मणच्या 1415 धावांच्या मोसमात, 1999-2000 ला, अंतिम फेरी. मग संघटनेतली भांडणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत, आणि 2023-24 मध्ये थेट प्लेट गटात. तिथे तन्मय अग्रवालनं अरुणाचलविरुद्ध 147 चेंडूंत त्रिशतक ठोकलं, 366 धावा. पुन्हा विक्रमच! त्या वर्षी प्लेट गट जिंकून ते वर आले एवढं बरं.

तर भाच्याला मी काय सांगितलं? सांगितलं की विदर्भ जिंकला की मला आनंद होतो, खोटं नाही. पण तो शेजारच्या घरच्या लग्नाचा आनंद. महाराष्ट्र हरला की रात्री जेवण जात नाही. त्यावर तो म्हणाला, "मग हे चांगलं कसं?" आठवीतल्या पोरांशी वाद घालू नये.

तो स्वतः मध्यमगती टाकतो. आमच्या तिलक स्टेडियमवर, होय, बेल्लमपल्लीतल्या मैदानाचं नाव तेच आहे, रविवारी टेनिस बॉलच्या मॅचेस होतात. चामड्याचा चेंडू त्यानं उन्हाळी शिबिरात पंधरा दिवस हाताळला. पुढे खेळायचं तर हैदराबादेत राहायला हवं, लीगमधला क्लब हवा, दहावीच्या तोंडावर ताईला ते पटायला हवं. ताईचं म्हणणं, बीई कर, मग बघू. गुरबानीचं उदाहरण मी दिलं ते माझ्यावरच उलटलं: "बघ, त्यानं पण आधी इंजिनीयरिंग केलं."

हो, आणि तो गुरबानी 2024-25 पासून महाराष्ट्राकडून खेळायला लागला. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं आमचे लोक बाहेर जात होते, एक विजेता इकडे आला. भाच्याला हे सांगितल्यावर त्यानं पहिल्यांदा फोनवर आमच्या संघाचा स्कोअर उघडला.

मंडळाला एक विनंती आहे. रणजीचं नवं वेळापत्रक आलं की महाराष्ट्र किंवा विदर्भ हैदराबादेत खेळतोय का ते बघावं. रणजीच्या सामन्यांना बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. शनिवार धरून एक दिवस पोरांना घेऊन जाऊ. बेल्लमपल्लीहून आम्ही पाच-सहा जण सकाळच्या गाडीनं येतो, डब्यांची जबाबदारी माझी. टोपी आणि पाणी मात्र ज्याचं त्यानं आणावं.