मागच्या पानावरचे शब्द

नववी-दहावीच्या मुलांच्या वहीत शब्दार्थांची यादी मागच्या पानापासून सुरू होते: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. चाचणी झाली की यादीही गेली. आहार, विहार, प्रहार, संहार एकाच 'हृ' धातूतून निघाले, हे संस्कृतच्या तासाला याच मुलांना तोंडपाठ असते. इंपोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट हीदेखील लॅटिनमधल्या 'वाहून नेणे' या एकाच क्रियापदाची लेकरे, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि 'मंगूस'? ते तर आपलेच मुंगूस, मराठीतून इंग्रजीत गेलेले. (गूजचे गीस होते म्हणून मंगूसचे 'मंगीस' करू नका. मंगूसेस!) अशाच काही शब्दांच्या कुळकथा या अंकात आहेत. वाचताना पेन्सिल जवळ असू द्या.