मिंटोतील अंधत्व आणि औषधांचे राजकारण

बंगळूरचे मिंटो नेत्र रुग्णालय हे गोरगरिबांचे सरकारी रुग्णालय होय. खासगी इस्पितळाची पायरी चढणे ज्यांना परवडत नाही, अशा मजुरांना व खेडुतांना त्याचाच आधार. जुलै 2019 मध्ये तेथे एकाच दिवशी 24 जणांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांत स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग होऊन काहींची दृष्टी कायमची गेली. शस्त्रक्रियेत वापरलेल्या चिकट द्रवातून जंतू आले, असे डॉक्टरांचे म्हणणे होते.

हा जंतू मोठा चिवट. डोळ्यातील द्रव ताबडतोब काढावा, प्रयोगशाळेत जंतू वाढवून तो कोणत्या प्रतिजैविकाला दाद देतो ते पाहावे आणि तेच औषध थेट डोळ्यात टोचावे, हा खरा उपचार. परंतु तपासणीला एक-दोन दिवस लागतात, आणि तेवढ्यात नेत्रपटल नष्ट होऊ शकते. म्हणून डॉक्टर आधी अंदाजानेच व्हँकोमायसिन व सेफ्टाझिडिम देतात. स्यूडोमोनासवर पहिले निरुपयोगी; सारी भिस्त दुसऱ्यावर. तेही निष्प्रभ ठरले तर? ही भीती काल्पनिक नाही. चेन्नईजवळच्या एका खासगी कारखान्यातील नेत्रबिंदूंशी निगडित अशा संसर्गाने 2023 पर्यंत अमेरिकेत 81 जणांना ग्रासले. 14 जणांची दृष्टी गेली, चौघे दगावले. तो जंतू जवळजवळ सर्व प्रतिजैविकांना पुरून उरला होता.

मिंटोच्या प्रकरणात मात्र चर्चा भलतीकडेच वळली. रुग्णांना न्याय द्या, ही मागणी रास्तच होती. पण 1 नोव्हेंबर 2019 रोजी भाषिक अस्मितेचा झेंडा घेतलेले कार्यकर्ते आणि निवासी डॉक्टर यांच्यात जुंपली. मारहाणीचे आरोप झाले, डॉक्टर संपावर गेले. तरुण डॉक्टर कन्नड बोलतो की नाही, याचा वाद पेटला. शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरण्यापूर्वी त्या द्रवाची प्रत कोणी तपासली, हा प्रश्न बाजूला पडला. सोयीचे कोणाला, हे सांगावयास नको! (असल्या अस्मितेचा अनुभव मराठी कामगारालाही आहे.)

प्रतिजैविके स्वस्त व खात्रीची मिळावीत म्हणून या देशाने 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली. त्याच कंपनीच्या व राज्याच्या भागीदारीतून 1981 मध्ये बंगळूरला कर्नाटक अँटिबायोटिक्स उभी राहिली. डिसेंबर 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा आणि पिंपरीचा कारखाना विकण्याचा निर्णय घेतला. नफ्यासाठी चालणाऱ्या कारखान्यांच्या हाती औषधे सोपवावयाची आणि त्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा तोकड्या ठेवावयाच्या, असे हे दुहेरी धोरण आहे.

तेव्हा प्रत्येक सरकारी नेत्र रुग्णालयात रात्रंदिवस चालणारी जंतुपरीक्षा प्रयोगशाळा, खरेदी केलेल्या प्रत्येक खेपेची वापरापूर्वी तपासणी आणि सार्वजनिक औषध कारखान्यांची विक्री रद्द करणे, या मागण्या पक्षाच्या शाखांनी व कामगार संघटनांनी आपापल्या जिल्ह्यांत उचलल्या पाहिजेत. सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या औषधखरेदीचे कागद मागण्यापासून करता येईल.