शाळेआधीचे दिवस

पुढे दुकान आणि मागे घर अशी रचना चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा आणि देसाईगंज येथील कित्येक व्यापारी कुटुंबांत आजही आढळते. अशा घरातील मूल तीन वर्षांचे झाले की एक प्रश्न घरात फिरू लागतो. शेजारच्या मुलाचे नाव नर्सरीत घातलेले असते, सकाळी त्याला नेणारी गाडी दारावरून जाते आणि आपल्या मुलाचे काय, याची चर्चा जेवताना सुरू होते. आलापल्ली, एटापल्ली किंवा सिरोंचा येथे दुकान असलेल्या कुटुंबांपुढे तर हा प्रश्न अधिक अवघड होतो. मनासारखी बालवाडी जवळ नसते आणि तीन वर्षांच्या जिवाला दूरच्या गावी ठेवण्यास मन धजत नाही. मग घरातील एखादी सून विचारते, सहा वर्षांपर्यंत याला घरीच शिकवले तर? त्यावर आजी म्हणतात, मूल मागे पडेल. काका म्हणतात, पुढे प्रवेशच मिळणार नाही. या दोन्ही धास्ती शांतपणे तपासून पाहण्यासारख्या आहेत.

प्रवेशाची धास्ती आधी पाहू. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी आहे. सहा वर्षांखालील मुलाला शाळेत घातलेच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. याच कायद्याने शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाची अथवा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली आहे. त्यामुळे अक्षरे येत नाहीत, म्हणून पहिलीचा दरवाजा बंद होईल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तरावरील अभ्यासक्रम आराखड्याने या वयाचे शिक्षण खेळ, गोष्टी, गाणी आणि प्रत्यक्ष अनुभव यांतून व्हावे, असे स्पष्ट केले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हाती ठरावीक पाठ्यपुस्तक देऊ नये, असाच त्या आराखड्याचा रोख आहे. घरात सहज घडू शकणाऱ्या गोष्टीच येथे अभ्यासक्रम म्हणून सांगितल्या आहेत.

हा विचार आजचा नाही. त्याचा एक उगम सौराष्ट्रातील घरांना परिचित असणाऱ्या नावाशी जाऊन मिळतो. गिजुभाई बधेका व्यवसायाने वकील होते. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि याला कोणत्या शाळेत घालावे, या साध्या पालकसुलभ प्रश्नाने त्यांना बालशिक्षणाकडे वळवले. मारिया मॉन्टेसरी यांचे विचार त्यांनी अभ्यासले आणि १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुलांवरील मायेमुळे लोक त्यांना ‘मुछाळी माँ’ म्हणत, म्हणजे मिशा असलेली आई. भावनगरला त्यांच्या कार्यात सहभागी झालेल्या ताराबाई मोडक पुढे महाराष्ट्राच्या बालशिक्षणाच्या आधारस्तंभ झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील बोर्डी येथे काम सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. मॉन्टेसरीची महागडी साधने तेथे परवडण्यासारखी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने आणि काड्या हीच साधने ठरली. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शिक्षिका त्यांच्या अंगणात जाऊन बसल्या. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ झालेला शब्द याच कार्यातून आला. त्या शब्दातच या वयाच्या शिक्षणाची खरी जागा सांगितलेली आहे.

गडचिरोली जिल्ह्यात या विचाराचे एक जिवंत उदाहरण आहे. १९७३ च्या अखेरीस भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहावयास गेले, तेव्हा वीज नव्हती आणि धड रस्ताही नव्हता. नर्सरी हा शब्दच तेथे गैरलागू होता. त्यांच्या दिगंत आणि अनिकेत या मुलांचे लहानपण दवाखान्याच्या आवारात, जंगलाच्या कडेला आणि प्रकल्पात सांभाळलेल्या वन्यप्राण्यांच्या सहवासात गेले. १९७६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाच्या आश्रमशाळेत ही मुले माडिया मुलांच्या शेजारी बसून शिकली. पुढे दिगंत डॉक्टर झाले, अनिकेत अभियंता झाले आणि दोघेही हेमलकसालाच कामाला परतले. घरी वाढलेले प्रत्येक मूल डॉक्टर होते, असा याचा अर्थ काढणे भाबडेपणाचे ठरेल. आईवडील सुशिक्षित होते, घरात पुस्तके आणि संवाद होता, हे विसरता येत नाही. तरी वयाच्या तिसऱ्या वर्षी हाती पेन्सिल आली नाही, म्हणून मूल कायमचे मागे पडते, ही समजूत या उदाहरणापुढे टिकत नाही.

घरी शिकवायचे म्हणजे घराची शाळा करायची, असा गैरसमज मात्र अनेक ठिकाणी होतो. फळा आणला जातो, वेळापत्रक भिंतीवर लागते, आई शिक्षिका होते आणि आठवडाभरात दोघांच्याही डोळ्यांत पाणी येते. पाच वर्षांच्या मुलाचे लक्ष एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटे टिकले, तरी ते पुरेसे असते. दिवसभरात अशा दोन-तीन छोट्या बैठका झाल्या की वहीचे काम संपले. उरलेला दिवस हेच शिक्षण असते. त्यासाठी दिवसाला घड्याळाची सक्ती नसावी, पण लय असावी. रोज उठणे, जेवणे, बाहेर जाणे आणि झोपणे साधारण ठरल्या वेळी झाले, तर मध्ये कितीही मोकळीक चालते.

आपल्या घरांना ही लय मुद्दाम शोधावी लागत नाही. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते. त्यानंतर झोपेपर्यंतचा तास-दीड तास गोष्टीसाठी मोकळा मिळतो. तो दूरदर्शन संच किंवा मोबाइलने खाल्ला नाही, तर त्याच्यासारखी शाळा दुसरी नाही. आजी सामायिकाला ४८ मिनिटे स्थिर बसतात. मूल जवळ येऊन बसते, पाच मिनिटांनी उठून जाते, पुन्हा येते. त्याला ओढून बसवू नये. स्थिरता म्हणजे काय, हे ते पाहून शिकत असते.

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणून त्या दिवसांत बाहेरचा वेळ सकाळी नऊपूर्वीचा. इतर ऋतूंत दोन तास तरी मूल अंगणात, गच्चीवर किंवा तळ्याकाठी असावे. चंद्रपूर शहराच्या गोंडकालीन परकोटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे आहेत. वडिलांच्या बोटाला धरून एकेका रविवारी एकेक दरवाजा पाहिला, तर चारची संख्या, चार दिशा आणि गावाचा इतिहास एकाच महिन्यात मुलाच्या पायाखालून जातो. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पडतात, मे महिन्यात तेंदूपानांची पुडकी बांधली जातात, पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीवर लाल मखमली मृगाचा किडा दिसतो. तो किडा उचलू नये, वाट सोडून उभे राहावे आणि तो कोठे जातो ते पाहावे, एवढे सांगितले तरी निरीक्षण आणि जीवदया हे दोन्ही धडे एकत्र होतात. त्यासाठी वेगळे व्याख्यान लागत नाही.

घरकामात तर गणित भरलेले आहे. मिसळलेली तूर, मूग आणि हरभरा वेगळे करताना वर्गीकरण होते आणि बोटांच्या चिमटीला बळ येते. हीच चिमटी पुढे पेन्सिल धरणार असते. कणकेचा गोळा वळणे, रांगोळीचे ठिपके देणे, वाटीने तांदूळ मोजणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे ही सारी लेखनाचीच पूर्वतयारी आहे. अक्षर गिरवण्याची घाई केली आणि हात तयार नसेल, तर मूल पेन्सिलीचाच कंटाळा करू लागते. तो कंटाळा घालवण्यास पुढे वर्षे लागतात.

व्यापारी घराजवळ दुकानाची आणखी एक संपत्ती असते. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना आजोबांनी नातवाला किंवा नातीला वीस मिनिटे गल्ल्याजवळ बसवावे. काट्यावर एक किलोचे वजन ठेवून समोर शेंगदाणे टाकावेत आणि दोन्ही बाजू कधी सारख्या होतात, हे त्याला पाहू द्यावे. नाण्यांच्या राशी करू द्याव्यात. पाच रुपयांच्या दोन नाण्यांत दहाची नोट येते, हे हाताने कळलेले मूल बेरजेला घाबरत नाही. काटा खाली झुकण्याआधी माल देऊ नये, हा प्रामाणिकपणाचा धडाही तेथेच मिळतो. मात्र त्याला चिमुकला नोकर समजून कामाला लावू नये आणि पाहुण्यांसमोर पाढे म्हणवून घेऊ नयेत.

भाषेबाबत या दोन जिल्ह्यांतील मुले भाग्यवान आहेत. घरात मारवाडी किंवा गुजराती, बाजारात झाडीपट्टीची मराठी, मालवाहू गाडीच्या चालकाशी हिंदी, सिरोंच्याकडे तेलुगू, आणि आठवडी बाजारात कानावर पडणारी गोंडी किंवा माडिया. इंग्रजीच्या घाईत या साऱ्यावर पाणी सोडणे तोट्याचे आहे. ज्या भाषेत मूल भांडते, हसते आणि स्वप्न सांगते, त्या भाषेत त्याच्याशी भरपूर बोलावे. त्या भाषेतील शब्दसंग्रह मजबूत असेल, तर पुढील भाषा त्याच्या आधाराने उभ्या राहतात.

या मोकळ्या पद्धतीला काही कठोर अटी आहेत आणि त्या टाळून घरचे शिक्षण होत नाही. पहिली अट म्हणजे वेळ देणारे माणूस हवे. सारा भार सुनेवर टाकून बाकीच्यांनी सल्ले देणे, हे शिक्षण नव्हे. स्वयंपाक, पाहुणे, व्रत-पारणे आणि त्यात मूल, हे सारे एकटीने पेलायचे असेल, तर चांगल्या बालवाडीचे चार तास आई आणि मूल दोघांनाही अधिक सुखाचे ठरतील. वडिलांचा रोजचा अर्धा तास आणि आजोबांची वीस मिनिटे घरात आधी ठरली पाहिजेत. दुसरी अट सोबतीची. मुलाला मूल हवे. आठवड्यातून तीन-चार दिवस तरी शेजारची, नात्यातली किंवा पाठशाळेतली मुले एकत्र खेळली पाहिजेत. वाटून घेणे, हरणे आणि रुसून परत येणे हे मोठ्यांबरोबर शिकता येत नाही.

तिसरी अट आरोग्याची. अंगणवाड्या आणि शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून मुलांची तपासणी होते. घरी असलेले मूल या नजरेतून निसटू शकते. म्हणून गावच्या अंगणवाडीत त्याची नोंद ठेवावी, पाचव्या-सहाव्या वर्षीची लस चुकवू नये आणि डोळे व कान एकदा तपासून घ्यावेत. तीन वर्षे उलटूनही मूल दोन-तीन शब्दांचे वाक्य बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा नजरेला नजर देत नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. निवांतपणा आणि दुर्लक्ष यांच्यातील अंतर येथेच ओळखावे लागते.

चौथी अट सर्वांत नाजूक आहे. घरी शिकवण्याचा विचार केवळ मुलीसाठी होत असेल आणि तिच्याच वयाच्या भावाची शाळेच्या गाडीत बसण्याची तयारी चालू असेल, तर त्या विचाराचे नाव दुसरे आहे. एका घरातील दोन मुलांना एकच माप लागू झाले पाहिजे. दुकानात दोन वजने ठेवणाऱ्याला जे म्हणतात, तेच घरालाही लागू पडते.

सहावे वर्ष जवळ आले की पहिलीच्या प्रवेशाची तयारी करावी. जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाची नोंद हाताशी असावी. शाळा सुरू होण्यापूर्वी दोन-तीन महिने मुलाने सकाळी ठरल्या वेळी आवरणे, स्वतः डबा उघडून खाणे, स्वच्छतागृहाला एकट्याने जाऊन येणे आणि अनोळखी बाईंना आपली गरज सांगणे, एवढे शिकावे. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा तोवर भरपूर वेळ मिळतो. पहिल्या आठवड्यात ते रडेल, कदाचित शेजारच्या मुलाला पन्नासपर्यंत आकडे येत असतील आणि याला वीसपर्यंतच. आजींनी तेव्हा घाबरू नये. ज्याने तूर निवडली, काटा पाहिला, किड्याला वाट दिली आणि रोज रात्री गोष्ट ऐकली, त्याचे आकडे दिवाळीपर्यंत पुढे जातात.