आधी वाचावे, मग हात लावावा

घरात संगणक आला की त्याच्या मागोमाग तक्रारीही येतात. संकेतस्थळ रचावयास शिकणारी मुले एखाद्या चुकीपाशी अडतात, आणि पुष्कळदा ती चूक दुरुस्त होण्याऐवजी कशीबशी गप्प केली जाते. ज्वर का आला हे न पाहता ज्वरमापकच फेकून द्यावा, तसाच हा प्रकार होय. या वेळी त्याविषयी थोडे बोलू.

जबलपुरात १९४७ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. २००५ साली पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाची माहिती तंत्रज्ञान संस्थाही येथे सुरू झाली. योगायोगाने त्याच वर्षीच्या जुलैत ‘जँगो’ सर्वांसाठी खुला झाला. जँगो हा पायथॉन भाषेतील फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळाला नेहमी लागणाऱ्या गोष्टींचा तयार सांगाडा होय. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत, एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनी २००३ साली तो रचावयास घेतला होता.

समजा, आपल्या मुलीने येथील एखाद्या मराठी मंडळासाठी गणेशोत्सवाच्या नोंदणीचे संकेतस्थळ जँगोवर रचावयास घेतले. काम अडले की टर्मिनलवर चुकीचा लांबलचक मजकूर उमटतो. तो पाहून घाबरू नये. त्याची शेवटची ओळ प्रथम वाचावी. काय बिघडले ते तीत असते. मग वर वर जात आपण स्वतः लिहिलेल्या फाइलचे नाव व ओळीचा क्रमांक शोधावा. बिघाडाचा माग बहुधा तेथेच लागतो.

‘जँगो नावाचे मॉड्यूल सापडत नाही’ अशी तक्रार आली, तर जँगो पुनःपुन्हा बसवीत सुटू नये. प्रकल्पासाठी वेगळे राखलेले पायथॉनचे आभासी वातावरण चालू करावयाचे राहिले आहे काय, ते आधी पाहावे.

‘असा तक्ता नाही’ ही तक्रार आली, तर माहितीची रचना बदलली पण तो बदल माहितीकोशापर्यंत पोचला नाही, असे बहुधा समजावे. त्यासाठी दोन आज्ञा आहेत. ‘मेकमायग्रेशन्स’ ही बदलाची सूचना लिहून ठेवते. ‘मायग्रेट’ ती अमलात आणते. उतावीळ मुले येथे माहितीकोशाची फाइलच पुसून टाकतात. तक्रार थांबते खरी, पण तिच्याबरोबर सभासदांच्या नोंदीही जातात.

अर्ज पाठविताच ४०३ हा आकडा दिसला व ‘सीएसआरएफ’ची तपासणी फसली असे कळले, तर अर्जाच्या साच्यात सुरक्षा-खुणेची ओळ घातली आहे ना, ते पाहावे. ही तपासणीच बंद करण्याचा सल्ला कोणी दिल्यास मानू नये. सभासदाने आपल्या स्थळावर प्रवेश केलेला असताना दुसऱ्या एखाद्या स्थळाने परस्पर त्याच्या नावाने अर्ज पाठवू नये, म्हणून बसविलेला हा पहारेकरी आहे.

मराठी लिहिणाऱ्यास एक निराळीच अडचण येते. मथळ्यावरून पानाचा पत्ता तयार करणारी ‘स्लगिफाय’ नावाची सोय मुळात रोमन लिपी धरून चालते. तिला ‘जबलपूर’ हा शब्द दिला तर हाती काहीच लागत नाही. इतर लिप्यांना मोकळीक देणारा पर्याय चालू केला, तर काना, मात्रा, वेलांटी, उकार गळून ‘जबलपर’ उरते! म्हणून पत्त्यात नोंदीचा क्रमांक वापरावा, किंवा रोमन अक्षरांतील नाव हाताने द्यावे, हे उत्तम.

दुसरी गोष्ट घड्याळाची. नव्या प्रकल्पात जँगोचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते, आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. पहाटे ५ वाजता केलेली नोंद त्यामुळे आदल्या रात्रीच्या ११.३० ची दिसते. सेटिंग्जमध्ये ‘एशिया/कोलकाता’ असा काळविभाग रोमन अक्षरांत लिहिला की दिसणारी वेळ सुधारते. जुन्या नोंदी बदलत बसू नये; त्या बिघडलेल्या नसतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. शिकताना ‘डीबग’ चालू असते, आणि चूक झाली की जँगो तिचा सविस्तर तपशील पानावर मांडतो. घरी हे उपकारक होय. पण स्थळ लोकांसाठी खुले केल्यावरही डीबग चालूच राहिले, तर तोच तपशील कोणाही परक्याला दिसतो. काही गुपिते जँगो झाकतो. तरी त्या क्षणी हाताळली जाणारी माहिती, कदाचित एखाद्या कुटुंबाचा पत्ता वा दूरध्वनी क्रमांक, उघडा पडू शकतो. डीबग बंद करताच कधी ४०० हा आकडा येतो, कधी पानाची सजावट नाहीशी होते. मग मुले घाबरून ते पुन्हा चालू करतात. तसे मुळीच करू नये. आपल्या स्थळाचे नाव ‘अलाउड होस्ट्स’च्या यादीत लिहावे, सजावटीच्या फाइली ‘कलेक्टस्टॅटिक’ने एकत्र करून त्या पुरविण्याची व्यवस्था सर्व्हरवर करावी. मंडळाच्या सभासदांनी आपली माहिती विश्वासाने दिलेली असते, याचे भान राखले पाहिजे.

आईवडिलांना पायथॉन येत नसले तरी बिघडत नाही. मूल अडले की त्याला तीनच प्रश्न विचारावेत: शेवटची ओळ काय म्हणते? कोणत्या फाइलची कोणती ओळ दाखविली आहे? आणि अडण्यापूर्वी तू शेवटचा बदल कोणता केलास? एका वेळी एकच बदल करून पाहण्याची सवय लागली, तर या प्रश्नांची उत्तरे मूल स्वतःच शोधू लागेल.