आधी कान, मग वही

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा जवळ आल्या की उंब्रज-कराडकडच्या शाळकरी मुलांच्या वह्या भरू लागतात: आरोह, अवरोह, वादी, संवादी, गानसमय. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकांचाही तगादा असतो. त्यात गैर काही नाही. पण परीक्षक चार स्वर गाऊन ‘राग ओळख’ म्हणतात, तेव्हा वही कामी येत नाही.

भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत स्वर तेच: सा, रे, ग, प, ध. भूपाचा वादी गंधार, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकाराचा वादी धैवत, चाल उत्तरांगाची, वेळ सकाळची. एवढं पाच मिनिटांत पाठ होतं. कानात मुरायला मात्र दोन्ही राग रोज आलटून पालटून ऐकावे लागतात. तालाचंही तेच. तीनताल चालू असताना मधूनच हातावर धरून नवव्या मात्रेचा काल पकडता आला, तर सोळा मात्रा आल्या म्हणायचं.

मिरज आपल्या हाकेवर आहे. विष्णु दिगंबर पलुसकर तिथेच बाळकृष्णबुवांकडे शिकले आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी मैफली रंगतात. शिकवणीचा एखादा तास बुडाला तरी चालेल. मुलांना तिथे नेऊन बसवा. गुण त्यानेही वाढतात.

– संपादक