विद्यार्थी-जगत : नियम आणि प्राण

मॉरिशसमध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकण्यास बंदी आहे. १९६५ साली स्थापन झालेल्या मॉरिशस विद्यापीठात प्रवेश करणारा तरुण मात्र बहुधा हे वय ओलांडून आलेला असतो. गांजा व कृत्रिम मादक द्रव्ये नशेसाठी जवळ बाळगणे तर २००० सालच्या कायद्यान्वये कोणत्याही वयात गुन्हाच ठरतो.

नियम हवेतच. परंतु शिक्षेच्या धास्तीने, घरीदारी कळू नये म्हणून, बेशुद्ध सोबत्यास तसेच निजू देणे हा घात होय. त्यास कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये व ११४ क्रमांकावर त्वरित रुग्णवाहिका बोलवावी. उसाच्या मळ्यांत राबून ज्या पूर्वजांनी मुलांस शाळेची वाट दाखविली, त्यांच्या वंशजाचा प्राण शिस्तभंगाच्या नोंदीहून मोलाचा आहे.