ताटाचा मालक कोण?

पावसाळ्याच्या तोंडाला मुरबाड-शहापूरकडील ठाकर व कातकरी बाया डोक्यावर पाट्या घेऊन कल्याण-ठाण्याच्या बाजारांत येतात. पाटींत शेवळांच्या जुड्या असतात; मागाहून टाकळा, कुर्डू, भारंगी येते. शेवळ नीट शिजवलें नाहीं तर घशाला अशी खाज सुटते कीं, खाणारा पुन्हां त्याचें नांव घेणार नाहीं. पण काकडाचीं आंबट फळें घालून शिजवलें म्हणजे तेंच शेवळ आगऱ्यांच्या व कायस्थ प्रभूंच्या घरीं चवीनें खातात. कोणी त्यांत कोलंबीही घालतात. घाटावरच्या पाहुण्यापुढें तें ठेवा, तो विचारील, “हें खातात तरी कसें?” वस्तु एकच, ती अन्न कीं नाहीं हें घरच्या रीतीनें ठरविलें.

वाचकहो, ही रीत आकाशांतून पडत नाहीं. ती कामांतून व पोटाच्या निकडीतून येते. पावसांत होडी समुद्रांत जात नाहीं, म्हणून कोळीण उन्हाळ्यांतच बोंबील-सुकट वाळवून ठेवते. कातकरी शेतांतला उंदीर धरतो व त्याच्या बिळांतलें भातही काढतो. ज्याला जमीन नाहीं त्याचें तेंच शेत.

आतां सोंवळ्यांतलें अन्न पाहूं. उपासाला चालतो तो बटाटा, भुईमूग, मिरची आणि हल्लीं ज्या कंदाचा साबुदाणा करतात तो कंद, हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतलीं. १४९२ पूर्वीं तीं या देशांत कोणीं पाहिलींही नव्हतीं. ज्या जुन्या शास्त्रकारांना बटाटा ठाऊक नव्हता, त्यांनीं तो उपासाला शुद्ध कसा ठरविला? आणि आमच्या कुळंब्यानें चिखलांत राबून पिकविलेला भात मात्र उपासाला चालत नाहीं!

ज्याला साबुदाणा खावयाचा त्यानें सुखानें खावा. भांडण आहे तें एकाची रीत दुसऱ्याच्या ताटावर हुकूम होऊन बसते तेव्हांचें. २०२५ सालीं कल्याण-डोंबिवली महापालिकेनें १९८८ च्या ठरावाचा आधार दाखवून १५ ऑगस्टला चोवीस तास मांसविक्रीचीं दुकानें बंद ठेवण्यास फर्माविलें. स्वातंत्र्याच्या दिवशींच खाटकाचा धंदा बंद आणि गिऱ्हाइकाच्या चुलीवर पहारा, हें कसलें स्वातंत्र्य? त्याच सालच्या जानेवारींत सरकारनें शाळेंतल्या आहारांतील अंड्यासाठीं वेगळा पैसा देणें थांबविलें व पाहिजे तर लोकवर्गणींतून द्या म्हणून सांगितलें. नोव्हेंबर २०२३ चा मूळ ठराव किती न्यायाचा होता! खाणाऱ्यास आठवड्यांतून एक अंडें, न खाणाऱ्यास केळें; कोणावर जुलूम नाहीं. पण मोलमजुरी करणारा बाप वर्गणी कोठून आणणार?

कोणी म्हणेल, मग सुधारणा करूंच नये काय? अवश्य करावी, पण ज्याची त्यानें. १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचें मांस सोडण्यास सांगितलें. तो स्वाभिमानाचा निश्चय होता. परक्यानें बजावलेली नोटीस नव्हती.

दुसऱ्यास बोल लावतांना आमचाही दोष सांगितला पाहिजे. आम्ही शाळामास्तर. एके दिवशीं मधल्या सुट्टींत एक कातकरी पोर भिंतीकडे तोंड करून, डबा मांडीआड झांकून जेवत होतें. डब्यांत नाचणीची भाकर व मुठ्यांचें कालवण. शेजारचा कुळंब्याचा मुलगा नाक दाबून हंसत होता. आम्ही दोघांनाही कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं तें कातकरी पोर जेवणाच्या वेळीं घरीं गेलें, तें परत आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं आम्ही त्याच्या वाडीवर जाऊन, त्याच्या ओटीवर बसून तेंच कालवण खाल्लें, तेव्हां कोठें तें शाळेंत आलें.

भटजीनें आपल्या ताटाकडे पाहून नाक मुरडलें तर आपलें रक्त तापतें. मग आपल्या पोरानें कातकऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक दाबलें तर आपण हंसावें काय? तें पोर हें घरींच शिकतें. म्हणून आयाबहिणींना आमचें सांगणें एवढेंच: “आपण तें खात नाहीं,” असें मुलांना खुशाल सांगा, “शी, तें घाण,” असें शिकवूं नका. आणि शाळेच्या सभेला बसाल तेव्हां लेकरांच्या अंड्याचा प्रश्न विचारल्यावांचून उठूं नका.